फॅक्सच्या प्रतीवरून वर्डची फाइल: अनुस्वारही न गमावता

फॅक्सचा कागद स्कॅन करून ओसीआरला, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणाऱ्या प्रोग्रॅमला, दिला की इंग्रजी मजकूर कसाबसा निघतो, मराठीचा मात्र चिवडा होतो. मग ‘मराठीसाठी ओसीआर चालतच नाही’ असं म्हणून सगळं पुन्हा टाइप केलं जातं. खरं म्हणजे आजचे ओसीआर छापील मराठी चांगलं वाचतात. बिघाड त्याच्या आधीच झालेला असतो: फॅक्सने अक्षर कापलेलं असतं आणि उरलंसुरलं आपण स्कॅन करताना घालवतो. म्हणून या लेखात ओसीआरचं बटण दाबण्याआधीच्या कामाला जास्त जागा दिली आहे.

हे काम अजून संपलेलं नाही. कारखान्यांच्या आणि गृहनिर्माण संस्थांच्या बॉक्स फाइलींमध्ये जुने फॅक्स पडून आहेत. अमेरिकेत राहणाऱ्यांना तिथल्या रुग्णालयांचे कागद आजही फॅक्सने येतात. मजकूर मराठी असो की इंग्रजी, पद्धत तीच. मराठीला फक्त काळजी जास्त घ्यावी लागते.

आधी एक फोन करा

फॅक्स अलीकडचा असेल तर पाठवणाऱ्याकडे मूळ वर्डची फाइल किंवा पीडीएफ मागा. ती मिळाली तर पुढचं काही वाचायची गरज नाही. मूळ फाइल नसेल पण कागद असेल, तर मशीन ‘फाइन’वर, म्हणजे जास्त बारकाईने वाचायच्या सेटिंगवर, ठेवून पुन्हा पाठवा म्हणून सांगा. हे सेटिंग पाठवणाऱ्याच्या मशीनवर करावं लागतं, कारण कागद तिथे वाचला जातो. आपल्या मशीनवर कितीही बटणं दाबली तरी जे आलंच नाही ते छापलं जाणार नाही.

फॅक्स संगणकावर किंवा ऑनलाइन सेवेतून टिफ (चित्राची फाइल) वा पीडीएफ म्हणून आला असेल, तर तो छापून पुन्हा स्कॅन करू नका. छापताना आणि स्कॅन करताना अशी दोनदा झीज होते. बऱ्याच ऑल-इन-वन मशीनमध्ये आलेला फॅक्स न छापता संगणकावर साठवण्याची सोय असते. ती चालू करून ठेवा.

फॅक्समध्ये अक्षराचं काय होतं

१९८० साली ठरलेल्या ‘ग्रुप ३’ मानकावरच साधी फॅक्स मशीन चालतात. आडव्या ओळीत १७२८ ठिपके, म्हणजे इंचाला सुमारे २०४. उभ्या दिशेने मात्र ‘स्टँडर्ड’मध्ये इंचाला फक्त ९८ ओळी, ‘फाइन’मध्ये १९६ आणि ‘सुपरफाइन’मध्ये ३९१. प्रत्येक ठिपका काळा नाहीतर पांढरा, मधली करडी छटा नाही.

आता हिशेब करा. १२ पॉइंटच्या अक्षराची पूर्ण उंची इंचाचा सहावा भाग. स्टँडर्डमध्ये तेवढ्या उंचीला १६ ओळी मिळतात. इंग्रजी अक्षराला त्या पुरतात. मराठीत त्याच १६ ओळींत वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, त्याखाली शिरोरेषा, मग अक्षराचं अंग आणि खाली उकार बसवायचा असतो. अर्ध्या मिलिमीटरच्या अनुस्वाराच्या वाट्याला जेमतेम २ ओळी येतात. फाइनमध्ये हेच आकडे दुप्पट होतात. मजकूर मराठी असेल तर फाइनचा आग्रह धरायचा तो यासाठी.

कागद हातात असेल तर स्कॅन असं करा

साध्या कागदावरचा फॅक्स असेल तर ३०० डीपीआय (इंचाला ठिपके), ग्रेस्केल (करड्या छटांसह). स्कॅनरवरचा ‘टेक्स्ट’ किंवा ‘ब्लॅक अँड व्हाइट’ पर्याय मोहात पाडतो, पण तो घेऊ नका. कुठला ठिपका काळा ठेवायचा हे तो तुमच्या वतीने ठरवून टाकतो आणि नंतर ते बदलता येत नाही. ६०० किंवा १२०० डीपीआयवर स्कॅन करूनही काही हाती लागत नाही. मुळात इंचाला २०४ ठिपके असलेल्या चित्रात नवा तपशील कुठून येणार? फाइल मात्र जड होते. साठवताना टिफ किंवा पीएनजी निवडा. जेपेगमध्ये अक्षरांच्या कडांभोवती बारीक धूळ साचते आणि ती पुढे अनुस्वारासारखी वाचली जाते.

गुळगुळीत, गुंडाळी होणारा थर्मल कागद असेल तर घाई करा. त्याच्यावर शाई नसते, उष्णतेने काळा होणारा लेप असतो. तो उन्हात उडतो, पीव्हीसीच्या पारदर्शक फोल्डरमध्ये उडतो, चिकटपट्टीखाली उडतो. सुरळी सरळ करायला इस्त्री फिरवली किंवा टिकावा म्हणून गरम लॅमिनेशन केलं, तर अख्खं पान काळं होतं आणि परत आणता येत नाही. जाड पुस्तकाखाली रात्रभर दाबून ठेवणं पुरेसं आहे. मग सपाट काचेवर ठेवून स्कॅन करा. वरून कागद ओढणाऱ्या ट्रेमध्ये हा पातळ कागद तिरका जातो किंवा चुरगळतो. मागे कोरा पांढरा कागद ठेवा.

पुसट झालेला थर्मल फॅक्स ग्रेस्केलमध्ये नव्हे, रंगीत स्कॅन करा. कागद पिवळा पडलेला असतो आणि अक्षरं बहुधा निळसर किंवा जांभळट झालेली असतात. गिंप या मोफत प्रोग्रॅममध्ये चित्र उघडून ‘कलर्स’, ‘कंपोनंट्स’, ‘डीकंपोज’ असं गेलं की लाल, हिरवा, निळा असे तीन थर वेगळे होतात. लाल थरात पिवळा कागद जवळजवळ पांढरा दिसतो आणि निळसर अक्षर गडद होतं, म्हणून तो आधी पाहा. अक्षरं तपकिरी झाली असतील तर हिरवा थर जास्त उपयोगी पडतो. डोळ्यांनी न दिसणाऱ्या ओळी अशा पुष्कळदा दिसू लागतात.

चपटं पान ताणून सरळ करा

डिजिटल फॅक्स घेणाऱ्यांना ही पायरी बहुधा माहीत नसते आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. स्टँडर्ड फॅक्सची टिफ फाइल साधारण १७२८ बाय ११४३ ठिपक्यांची असते. उभं ए-फोर पान असूनही उंची रुंदीपेक्षा कमी दिसली, तर ओळखा: उभ्या आणि आडव्या दिशेचा डीपीआय वेगळा आहे आणि तुमच्या प्रोग्रॅमने तिकडे लक्ष दिलेलं नाही. अक्षरं कुणी वरून दाबल्यासारखी बसकी दिसतात आणि ओसीआर त्यांना ओळखत नाही.

गिंपमध्ये क्रम असा:

१. आधी ‘इमेज’, ‘मोड’, ‘ग्रेस्केल’. हे विसरलात तर चित्र दोन रंगांचंच राहतं आणि ताणताना कडा करवतीसारख्या येतात.

२. ‘स्केल इमेज’मध्ये रुंदी-उंचीमधली साखळी तोडा. रुंदी २५४०, उंची ३५०० टाका, रेझोल्यूशन दोन्हीकडे ३००, इंटरपोलेशन ‘क्युबिक’. फाइन फॅक्स असेल, म्हणजे उंची २२८६च्या आसपास असेल, तरी शेवटचे आकडे हेच. पान ए-फोरपेक्षा लांब किंवा आखूड असेल तर स्टँडर्डच्या उंचीला ३.०६ ने आणि फाइनच्या उंचीला १.५३ ने गुणा.

३. ‘फिल्टर्स’, ‘ब्लर’, ‘गॉशियन ब्लर’, १ ते १.५ पिक्सेल. चांगलं चित्र धूसर करायचं हे विचित्र वाटेल, पण यामुळे पायऱ्या-पायऱ्यांच्या कडा गुळगुळीत होतात आणि तुटलेली शिरोरेषा सांधली जाते.

४. ‘कलर्स’, ‘थ्रेशोल्ड’. कुठल्या छटेपर्यंत काळं धरायचं ते इथे ठरतं. १२७ पासून सुरुवात करा. अक्षरं तुटक असतील तर आकडा १५०-१६० पर्यंत वाढवा, रेषा जाड होतील. ‘घ’, ‘ध’, ‘भ’ यांच्या पोकळ्या बुजत असतील तर १०० पर्यंत खाली आणा. एका पानावर आकडा पक्का झाला की त्याच फॅक्सच्या बाकीच्या पानांना तोच चालतो.

थ्रेशोल्डच्या आधीची करडी प्रतही वेगळी साठवा. गूगलच्या ओसीआरला पुष्कळदा ती जास्त मानवते.

साफसफाई, पण जपून

कागद १ अंश तिरका असला तरी १७ सेंटिमीटरच्या ओळीत एक टोक ३ मिलिमीटर खाली येतं आणि दोन ओळी एकमेकींत मिसळतात. स्कॅन टेलर हा मोफत प्रोग्रॅम ‘डीस्क्यू’ पायरीत पान आपोआप सरळ करतो. मराठीत शिरोरेषेमुळे त्याला ओळीची दिशा छान सापडते. तो पीडीएफ उघडत नाही, पानं टिफ किंवा पीएनजी करून द्यावी लागतात. डीपीआय विचारला तर दोन्ही खणांत ३०० लिहा.

याच प्रोग्रॅममध्ये, आणि बहुतेक सगळ्या स्कॅनिंग प्रोग्रॅममध्ये, ‘डीस्पेकल’ नावाची सोय असते. फॅक्सवरचे काळे शिंतोडे काढायला ती केलेली आहे. मराठी पानावर ती बंद ठेवा. तिला शिंतोडा आणि अनुस्वार यातला फरक कळत नाही. ‘त्यांनी’चं ‘त्यानी’ झालं तर एकाने केलं की अनेकांनी हे बदलतं, आणि ‘५०.००’मधला ठिपका गेला तर पन्नासाचे पाच हजार होतात. शिंतोडे फारच असतील तर समासातले आणि दोन ओळींमधले हाताने पुसा. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यात धोका नाही.

पानभर वरपासून खालपर्यंत गेलेली काळी उभी रेघ दिसली तर ती बहुधा पाठवणाऱ्याच्या मशीनच्या काचेवरच्या कचऱ्याची असते. काच पुसून पुन्हा पाठवणं हाच खरा उपाय. ते शक्य नसेल तर रेघ पांढऱ्या रंगाने पुसा. ती ज्या अक्षरांवरून गेली आहे ती मात्र नंतर मूळ कागदावरून तपासावी लागतील. काही आडव्या पट्ट्याच गायब असतील तर ती फोनलाइनची चूक, तिथे मजकूर आलेलाच नाही. अंदाजाने भरू नका.

आता कातरकाम. पानाच्या माथ्यावर मशीनने छापलेली बारीक ओळ असते: तारीख, वेळ, पाठवणाऱ्याचा नंबर, पान क्रमांक. ओसीआरच्या प्रतीतून ती कापा, नाहीतर प्रत्येक पानाच्या सुरुवातीला कचरा येतो. पण मूळ प्रतीत ती राहू द्या, कारण फॅक्स कधी आला आणि पानं पूर्ण आहेत का याचा तोच पुरावा आहे. गोल शिक्का, सही, लेटरहेडचं चित्र हेही ओसीआरच्या प्रतीतून पुसा. सही मजकुरावर चढलेली असेल तर तेवढे शब्द हाताने टाइप करायचे असं आधीच मनाशी ठरवा.

ओसीआर: दोन रस्ते

गोपनीय नसलेल्या कागदासाठी गूगल ड्राइव्ह सोपा. पान पीएनजी करून चढवा, त्यावर उजवी क्लिक, ‘ओपन विथ’, ‘गूगल डॉक्स’. नव्या फाइलमध्ये वर चित्र आणि खाली मजकूर येतो. पान सरळ उभं हवं, फाइल २ एमबीच्या आत हवी आणि अक्षराची उंची निदान १० पिक्सेल हवी. ३०० डीपीआयवर आणलेलं काळं-पांढरं पान यात सहज बसतं. भाषा तो स्वतः ओळखतो. अनेक पानं एका पीडीएफमध्ये देण्यापेक्षा एकेक द्या, म्हणजे कुठलं पान बिघडलं ते कळतं. शेवटी ‘फाइल’, ‘डाउनलोड’, ‘मायक्रोसॉफ्ट वर्ड’.

वैद्यकीय अहवाल, आधार, पॅन, बँकेचा तपशील, कोर्टाचे कागद यासाठी ऑनलाइन सेवा वापरू नका. ‘मोफत कन्व्हर्टर’ म्हणवणाऱ्या अनोळखी साइटवर तर मुळीच नको. अशा वेळी टेसरॅक्ट वापरा. ह्युलेट-पॅकार्डमध्ये तयार झालेलं आणि २००५ पासून सर्वांना खुलं असलेलं हे इंजिन इंटरनेटशिवाय चालतं. टाइप करायच्या कमांड नको असतील तर त्यावर बसवलेला जी-इमेज-रीडर घ्या. त्यात मराठीची भाषा-फाइल वेगळी उतरवावी लागते. भाषेत ‘मराठी आणि इंग्रजी’ अशी जोडी निवडा. पान एका स्तंभाचं असेल तर पान-मांडणीच्या पर्यायात ‘एकसंध मजकुराचा ठोकळा’ या अर्थाचा पर्याय घ्या. आपोआप ओळखण्याच्या नादात तो कधी कधी परिच्छेदांचा क्रम उलटसुलट करतो.

हिंदीची भाषा-फाइल वापरून काम भागवायचा प्रयत्न बरेच जण करतात. लिपी एकच असली तरी निकाल वेगळा येतो. ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, आणि अक्षराखाली एखादा शिंतोडा असला की ‘ड’ला नुक्ता लागून येतो.

मूळ पत्र श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असलं तरी फॉन्ट कन्व्हर्टर लागत नाही. ओसीआर छापलेला आकार बघतो आणि सरळ युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर चालणारा मजकूर, देतो. अशा जुन्या कागदांसाठी हा रस्ता खरोखर सोयीचा आहे.

कोष्टक असेल तर अख्खं एकदम देऊ नका. जी-इमेज-रीडरमध्ये माउसने चौकट ओढून एकेक स्तंभ वाचा आणि वर्डमध्ये कोरं कोष्टक करून स्तंभ चिकटवा. सावध राहायचं ते रिकाम्या खणांबाबत. एक खण रिकामा असला की खालचे सगळे आकडे एक ओळ वर सरकतात. प्रत्येक स्तंभ चिकटवल्यावर शेवटची ओळ जुळते का ते बघा.

हस्ताक्षराच्या नोंदी आणि फारच खराब पानं यांच्या मागे लागू नका. आधी दहा ओळींवर चाचणी घ्या. ओळीमागे तीन-चार शब्द चुकत असतील तर दुरुस्तीपेक्षा टाइप करणं लवकर होतं. गूगल डॉक्सच्या ‘व्हॉइस टायपिंग’ला मराठी कळतं. फॅक्स समोर धरून सावकाश, सलग वाचत गेलात तर एक पान बघता बघता उतरतं. पण बोललेला शब्द गूगलकडे जातो, त्यामुळे गोपनीय कागद असा वाचू नका.

वर्डमधली आवराआवर

मजकूर ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ने चिकटवा, नाहीतर अदृश्य चौकटी आणि दहा प्रकारचे फॉन्ट सोबत येतात. त्यानंतर प्रत्येक ओळीच्या शेवटी परिच्छेद तुटलेला दिसेल. ‘फाइंड अँड रिप्लेस’ उघडून ‘मोअर’, ‘स्पेशल’ मधून ‘पॅराग्राफ मार्क’ घ्या आणि तीन फेऱ्या मारा. पहिल्या फेरीत लागोपाठच्या दोन परिच्छेदचिन्हांच्या जागी मजकुरात कुठेच नसलेली खूण, उदाहरणार्थ ###. दुसऱ्या फेरीत उरलेल्या एकेका परिच्छेदचिन्हाच्या जागी मोकळी जागा. तिसऱ्या फेरीत ### च्या जागी परिच्छेदचिन्ह. परिच्छेद परत येतात आणि ओळी सलग होतात.

फॉन्ट बदलूनही मराठी अक्षरं बदलत नसतील, तर फॉन्टच्या खिडकीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’चा वेगळा खण असतो, तिथे मंगल, कोकिळा किंवा निर्मला निवडा. आकारही तिथेच वेगळा द्यावा लागतो. वर्डऐवजी लिबरऑफिस वापरत असाल तर आधी भाषेच्या सेटिंगमध्ये अशा लिप्यांची सोय चालू करा.

‘दुसऱ्या’मधला आडवा ‘र’ दोन प्रकारे साठवला जातो: खाली ठिपका असलेला ‘ऱ’ आणि हलन्त, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, शोधताना मात्र एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. मजकुरातून तो ‘ऱ्य’ कॉपी करून शोध-खणात चिकटवा आणि तुमच्या कीबोर्डने टाइप केलेल्या ‘ऱ्य’ने सगळीकडे बदला.

तपासणी

फॅक्समध्ये नेहमी गल्लत होणाऱ्या जोड्या पाठ करून ठेवा: घ-ध, भ-म, ब-व, प-ष, य-थ, ‘ख’चं ‘रव’. आकड्यांत १-९, इंग्रजी आकड्यांत ३-८, ५-६ आणि ६-८, शून्य आणि ओ. शब्दांतल्या चुका शब्दकोश पकडतो. ‘घन’चं ‘धन’ झालं तर नाही पकडत, कारण दोन्ही शब्द खरे आहेत.

वाचन दोघांनी करायचं. एकाने वर्डमधला मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने मूळ फॅक्सवर बोट ठेवून ऐकायचं. आकडे एकेक अंक सुटा वाचायचा, ‘साडेबारा हजार’ असं नाही. एकट्याने डोळ्यांनी तपासलं की मेंदू चूक भरून काढतो आणि ती निसटते.

आकड्यांना कागदातच साक्षीदार असतात, त्यांचा उपयोग करा. रकमेखालची ‘अक्षरी रुपये’ ही ओळ आकड्याशी ताडून बघा. कोष्टकातली बेरीज पुन्हा मारा. पिनकोड ६ अंकी हवा आणि महाराष्ट्राचा ४० ते ४४ ने सुरू होणारा हवा. गोव्याचा ४०३ ने सुरू होतो. पॅनमध्ये आधी ५ अक्षरं, मग ४ अंक, शेवटी १ अक्षर. आयएफएससी कोड ११ स्थानांचा आणि त्यातलं पाचवं स्थान कायम शून्य असतं, तिथे ‘ओ’ आला असेल तर डोळे मिटून बदला. जीएसटी क्रमांक १५ स्थानांचा, महाराष्ट्रासाठी २७ ने आणि गोव्यासाठी ३० ने सुरू, आणि तिसऱ्यापासून बाराव्या स्थानापर्यंत पॅन जसाच्या तसा. खाते क्रमांकाला असा कुठलाच साक्षीदार नसतो. तो नीट दिसत नसेल तर फोन करून विचारा आणि तोवर वर्डमध्ये ती जागा पिवळ्या रंगाने रंगवून ठेवा. जे शब्द अजिबात लागत नाहीत तिथे चौकटी कंसात ‘अस्पष्ट’ लिहा.

वर्डची फाइल आणि न कापलेला मूळ स्कॅन एकाच नावाने, शेजारी शेजारी ठेवा. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि पाठवणाऱ्याचं नाव असलं की फोल्डर आपोआप तारखेनुसार लागतो. थर्मल कागद फेकू नका. साध्या कागदाच्या पाकिटात घालून, उन्हापासून आणि उष्णतेपासून दूर, लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा.